नाव कारखान्याचे, खर्च गिऱ्हाइकाचा

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास कामगार चळवळीतल्या माणसांनी का सांगावा, असे कित्येक श्रोत्यांच्या मनात येईल. काम कोणी केले आणि नाव कोणाचे झाले, हा प्रश्न आम्ही आयुष्यभर विचारीत आलो. तो येथेही विचारण्याजोगा आहे.

जीटी म्हणजे रस्त्यावरही चालविता येतील अशा वेगवान मोटारी. १९६२, १९६३ आणि १९६४ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मोठ्या इंजिनांच्या गटाचे अजिंक्यपद इटलीच्या फेरारी कारखान्याला मिळाले. परंतु त्यासाठी लागणारे बहुतेक गुण '२५० जीटीओ' विकत घेणाऱ्या खासगी पथकांनी कमावले होते. मोटारीची किंमत, मिस्त्र्यांचा पगार, टायर, प्रवास हा सारा भार त्यांचा. नाव मात्र कारखान्याचे.

शंभर मोटारी बांधल्याखेरीज जीटी गटात प्रवेश नाही, असा नियम होता. जीटीओ अवघ्या ३६ झाल्या. जुन्या मोटारीची सुधारित आवृत्ती म्हणून त्या खपून गेल्या. '२५० एलएम'साठी एन्झो फेरारी यांनी तीच सबब सांगितली. हिचे इंजिन मात्र चालकाच्या पाठीमागे होते. १९६४ साली तिला नकार मिळाला. भुर्दंड पडला गिऱ्हाइकांना. त्यांना आता कारखान्यांच्या खास शर्यती मोटारींशी झुंजावे लागणार होते.

संतापलेल्या एन्झोंनी आपला इटालियन परवाना परत केला. त्या हंगामातल्या ग्रां प्रीच्या शेवटच्या दोन शर्यतींत त्यांच्या मोटारी लुइजी किनेत्ती यांच्या अमेरिकन पथकाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात धावल्या आणि जॉन सर्टीज जगज्जेते झाले. मालकाला गिऱ्हाइकाचे नाव उसने घ्यावे लागले ते असे!

हे किनेत्ती मूळचे मिस्त्री. १९४९ साली फ्रान्समधील ल मां येथे २४ तासांच्या शर्यतीत फेरारीला पहिला विजय त्यांनीच मिळवून दिला होता. १९६५ साली तेथेच फोर्डच्या जीटी ४० आणि फेरारी कारखान्याच्या स्वतःच्या मोटारी एकामागून एक गळाल्या. किनेत्तींच्या पथकाची एलएम योखेन रिंट व मास्टन ग्रेगरी यांनी ३४८ फेऱ्या चालवून पहिली आणली. दुसरी व तिसरी मोटारही खासगीच होती.

ही पथके गरिबांची नव्हती. पैसेवाल्यांचा शौक त्यात होताच. तरी १९६५ नंतर तेथे एकूण विजय मिळविण्यास फेरारीला २०२३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही मोटारी सांभाळीत होते एएफ कोर्से हे बाहेरचे पथक. ढालीवर कारखान्याचे नाव वाचताना तिला लागलेले हात कोणाचे, हेही विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.