जामियाचे झाकीरसाहेब

डॉ. झाकीर हुसेन म्हटले की आपल्याला राष्ट्रपती आठवतात. त्या पदावर ते जेमतेम दोन वर्षे होते. जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूपद मात्र त्यांनी १९२६ ते १९४८ अशी २२ वर्षे सांभाळले.

खिलाफत चळवळ ओसरली आणि जामियाकडे येणारा पैसा आटला. तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शपथ घेतली: २० वर्षे सेवा करू, पगार १५० रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. १९३५ मध्ये ओखल्याच्या इमारतीची पायाभरणी कोणा नवाबाच्या नव्हे, तर सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून झाली. फाळणीनंतर त्यांनी अलीगढ विद्यापीठही सावरले. १९६९ मध्ये दफन झाले ते जामियाच्याच आवारात.

कौमचे नेतृत्व भाषणांतून उभे राहत नाही. त्यासाठी एखादी शाळा वीस वर्षे नेटाने चालवावी लागते.