गोठ्यातील कारखाना

कारखान्याचा इतिहास लिहिणारे बहुधा धुराड्यापासून आरंभ करतात. भांडवल किती जमले, यंत्रे कोणत्या देशातून आली, उद्घाटनास कोण पाहुणे होते, याची नोंद कागदोपत्री असते आणि म्हणून ती सहज हाती लागते. परंतु अनेक मोठ्या उद्योगांच्या चरित्रात याच्याही आधीचे एक प्रकरण असते. ते घडते घरामागच्या एखाद्या छपरात, कोळशाच्या कोठीत किंवा बागेतल्या काचघरात. पोटापाण्याचा उद्योग दिवसा दुसरीकडे सांभाळून एखादा माणूस रात्री तेथे दिवा लावून बसतो. घरच्यांना तो छंद वाटतो, शेजाऱ्यांना तो उपद्रव वाटतो, आणि जागा अपुरी पडू लागली की प्रश्न उभा राहतो : भिंत पाडावी काय, आणि पाडू कोण देणार?

जर्मनीतील कानश्टाट या गावी गॉटलीब डाइम्लर याने १८८२ साली एक घर विकत घेतले. मोठ्या कारखान्यातील अधिकाराची जागा सोडून तो आला होता. घराच्या बागेत काचेच्या भिंतींचे एक उद्यानगृह होते. डाइम्लरने त्याला लागून विटांची खोली वाढविली आणि आपला सहकारी विल्हेल्म मायबाख याच्यासह तेथे हलक्या, वेगवान इंजिनाचे प्रयोग सुरू केले. काम गुप्त ठेवले होते. रात्री-अपरात्री हातोड्याचे आवाज येत. माळ्याला संशय आला की येथे खोटी नाणी पाडली जात असावीत. पोलिसांनी जागेची झडती घेतली, तेव्हा इंजिने आणि हत्यारे यांपलीकडे काहीच सापडले नाही. त्याच जागेत १८८५ साली इंजिनावर चालणारी दुचाकी तयार झाली, पुढच्याच वर्षी घोड्याच्या बग्गीला इंजिन बसविले गेले, आणि १८८७ साली डाइम्लरला खऱ्या कारखान्यासाठी दुसरी जागा घ्यावी लागली.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी हेन्री फोर्ड हा वीज कंपनीत मुख्य अभियंता होता. बॅगली मार्गावरील ५८ क्रमांकाच्या भाड्याच्या घरामागे विटांची एक कोठी होती. जळाऊ सामान ठेवण्याच्या त्या जागेत त्याने आपली पहिली गाडी जोडली. ४ जून १८९६ च्या पहाटे गाडी पूर्ण झाली, आणि ती बाहेर काढण्याची वेळ आली तेव्हा ध्यानात आले की दार अरुंद आहे. फोर्डने कुऱ्हाड घेतली आणि दाराजवळच्या विटा पाडल्या. घरमालक आधी संतापला, परंतु गाडी पाहिल्यावर त्यानेच दार रुंद ठेवण्यास संमती दिली, असे सांगतात. डेटन गावच्या राइट बंधूंचे सायकलींचे दुकानही याच जातीचे. त्या दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर याने विमानासाठी सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन अवघ्या सहा आठवड्यांत घडविले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान उडाले.

या परदेशी कथा मराठी वाचकांना अद्भुत वाटतात. परंतु त्याच वर्षांत बेळगावात घडलेली कथा यांच्यापेक्षा उणी नाही. उलट तीत एक वळण असे आहे की जे डाइम्लरच्या वा फोर्डच्या वाट्याला आले नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे असे आढळले की त्यांना रंगांचा भेद पूर्णपणे कळत नाही. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? तथापि रंगाची गरज नसलेली एक चित्रकला होती, ती म्हणजे यंत्रांचे आरेखन. लक्ष्मणरावांनी ती आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. फावल्या वेळात यंत्रे उघडून पाहावीत, जोडावीत, त्यांवरची पुस्तके वाचावीत, हा त्यांचा छंद. १८८८ च्या सुमारास त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने बेळगावात सायकली विकण्याचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालविण्यासही शिकवीत. पुढे तंत्रशाळेत बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेल्याचे पाहून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले.

सायकलींच्या दुकानाला जोडून दुरुस्तीचे काम आले, आणि दुरुस्तीतून निर्मितीची उमेद आली. या ठिकाणी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परदेशात गोठ्या-कोठीतून बाहेर पडलेली यंत्रे रस्त्यावर धावली. किर्लोस्करांच्या छपरातून निघालेले यंत्र मात्र थेट शेतकऱ्याच्या गोठ्यात गेले. ते होते कडबा कापण्याचे यंत्र. अखंड कडबा जनावरापुढे टाकला तर ते पाने खाते, जाड ताटे तुडवून टाकते आणि त्यांचा पुष्कळसा भाग वाया जातो. तोच कापून गव्हाणीत घातला तर कमी वैरणीत भागते. दुष्काळाचे चटके सोसलेल्या मुलखात हा हिशेब फार मोलाचा होता.

त्यानंतर लोखंडी नांगर आला. त्याचे वर्षही १९०३ च, ज्या वर्षी राइट बंधूंचे विमान उडाले. विमान बारा सेकंद हवेत राहिले. किर्लोस्करांचा नांगर मात्र दोन वर्षे दुकानातच पडून राहिला. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ज्याचे वर्षाचे अन्न एका नांगरटीवर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे, यात त्याला दोष देता येत नाही. पहिले नांगर विकले गेले तेव्हा त्यांची खोल नांगरट शेजारच्या शेतकऱ्यांनी पाहिली, आणि जे काम युक्तिवादाने झाले नव्हते ते उभ्या पिकाने केले.

धंद्याचा जम बसत होता तोच ते वळण आले. बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीच्या योजनेसाठी किर्लोस्करांची कारखान्याची जागा मागितली. यंत्रे रोवली आहेत, कारागीर गोळा केले आहेत, गिऱ्हाईक कोठे येऊ लागले आहे, आणि जागा सोडण्याचा हुकूम! फोर्डला केवळ भिंत पाडावी लागली. लक्ष्मणरावांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली जात होती. कल्पना, कसब, चिकाटी हे सारे असूनही ज्याला जागा नाही त्याचा उद्योग उद्या उघड्यावर पडतो, हे कठोर सत्य या प्रसंगाने शिकविले.

त्या वेळी लक्ष्मणरावांचे औंध संस्थानात बांधकाम चालले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कलेचे आणि कारागिरीचे जाणते. लक्ष्मणरावांची अडचण समजताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ किर्लोस्करांनी निवडला. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट असलेला, पाण्याची ददात असलेला असा तो माळ होता. पंचवीसएक कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे आले. आरंभी राहण्याची जागा आणि काम करण्याची जागा यांत फारसे अंतर नव्हते, दोन्ही छपरेच. रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था पाहिली, शंभोअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांनी यंत्रांची आणि हिशेबाची धुरा उचलली. फळणीकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. तरी ते तेथे नामांकित तंत्रज्ञ ठरले. शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पुढे पाणी खेचणारे पंप, अशी एकेक वस्तू त्या माळावरून बाहेर पडू लागली. स्टेशनाचे नावही कालांतराने किर्लोस्करवाडी झाले.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. जुन्या गोठ्याचा किंवा कोठाराचा कारखाना करणे हे कितपत साधते? भोपाळसारख्या माळव्याच्या पठारावरील गावी आजही घरामागे, वाडीत, शेतावर अशी रिकामी छपरे दिसतात. गुरे गेली, ट्रॅक्टर आला, आणि गोठा अडगळीचा झाला. एखाद्याला वाटते, याला दोन खण वाढवावेत, गाडी आत ठेवावी, एका बाजूस लेथ आणि सुताराचे बाक मांडावे. विचार उत्तम आहे. परंतु गोठ्याचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय तो तडीस जात नाही.

गोठ्याची जमीन नालीकडे उतरती असते. जनावराला ती सोयीची, लेथला मात्र घातक. यंत्र पाणसळीत नसेल तर घडविलेल्या वस्तूचा नेमकेपणा जातो. भिंतींच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे मूत्र मुरलेले असते. त्यातील क्षार विटांतून वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि वरून केलेला गिलावा गळून पडतो. असा भाग खरवडून, सुकवून, प्रसंगी विटा बदलूनच पुढे जावे लागते. छपराचे वासे कडब्याचा भार सोसण्यासाठी घातलेले असतात. त्यांना साखळीची कप्पी अडकवून इंजिन उचलणे म्हणजे छप्पर अंगावर घेणे होय. त्यासाठी जमिनीतून स्वतंत्र खांब उभे करणे हाच मार्ग. गवत किंवा कडबा वर रचलेला असताना खाली भट्टी पेटविणे तर मुळीच करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचा उजेड. जनावराला अंधार चालतो, कारागिराला चालत नाही. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर सारखा राहतो, सावल्या कमी पाडतो. म्हणून खिडक्या त्या अंगाला घ्याव्यात.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे जुन्या आणि नव्या भिंतींचा सांधा. भोपाळच्या टेकड्यांवर विंध्याचा वालुकाश्म आहे, तो पक्का. परंतु सखल भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तिला भेगा पडतात. येथे वर्षाकाठी हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. जुनी भिंत अनेक पावसाळे सोसून बसलेली असते. नवी अद्याप बसावयाची असते. दोघींना घट्ट बांधले तर नवी बसताना जुनीला ओढते आणि सांध्यावर चीर पडते. शहाणा गवंडी पाया काळ्या मातीच्या खाली नेतो, दोन्ही भिंतींमध्ये मुद्दाम अंतर ठेवतो आणि वरून पाणी शिरू नये अशी झाकण घालतो. नव्याने जुन्याशेजारी उभे राहावे, त्याच्यावर भार टाकू नये, हा नियम बांधकामात तरी अनुभवाने सिद्ध झालेला आहे.

भोपाळने कारखान्याचे दुसरे रूपही पाहिले आहे. १९५६ हे या शहराच्या इतिहासातील मोठे वर्ष. १ नोव्हेंबरला ते नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि त्याच वर्षी अवजड विद्युत यंत्रांच्या सरकारी कंपनीची स्थापना झाली. ब्रिटिश सहकार्याने पिपलानी-गोविंदपुऱ्याच्या बाजूस तिचा विस्तीर्ण कारखाना उभा राहिला. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली, वसाहती वसल्या, शाळा निघाल्या. योगायोग असा की किर्लोस्करवाडीच्या संस्थापकाचे निधन त्याच १९५६ च्या २६ सप्टेंबरला झाले. एक उद्योग छपरातून हळूहळू वाढला होता; दुसरा आराखड्यावर पूर्ण आखून मग उभारला गेला. राष्ट्राला दोन्ही हवेत. जलविद्युत केंद्राचे टर्बाइन कोणी गोठ्यात करू शकत नाही. परंतु असे टर्बाइन हाताळणारी बोटे कोठे तरी आधी लहान यंत्रावर तयार व्हावी लागतात, आणि त्यासाठी आराखड्याबाहेरची जागा लागते.

ही जागा आज झपाट्याने कमी होत आहे. सदनिकांच्या इमारतींत मोटार ठेवण्याची चौकट आखून मिळते. तेथे करवत चालविली तर सोसायटीची चिठ्ठी येते. शेजाऱ्यांची तक्रारही खोटी नसते, कारण आवाज आणि धूर हे खरेच त्रासदायक असतात. शासनाने ही उणीव ओळखली आहे. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्यात आल्या, आणि प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले. सहावीपासून बारावीपर्यंतची मुले तेथे हाताने काम करतात. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र प्रयोगशाळेला तासिका असते, किल्ली असते, सुट्टी असते. डाइम्लरचे उद्यानगृह आणि फोर्डची कोठी यांना तासिका नव्हती. अर्धवट जोडलेले यंत्र रात्री तसेच ठेवून सकाळी पुन्हा त्याच्यापुढे उभे राहता येणे, यातच त्या जागांचे सामर्थ्य होते.

म्हणून ज्याच्या मालकीचे जुने छप्पर आहे त्याने ते पाडण्यापूर्वी, आणि ज्याच्या हाती नगराची आखणी आहे त्याने नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी, बेळगाव आणि औंध ही दोन नावे आठवावीत. दोन्हीकडे माणूस तोच होता, कसब तेच होते, नांगरही तोच होता. बेळगावने जागा काढून घेतली, औंधने दिली. आज बेळगावात एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे. औंधच्या माळावर त्यांच्या नावाचे गाव वसले आहे.