कोल्हापूर टॉवर : अनोळखी मनोऱ्याला हाक मारण्याचा इतिहास

कोल्हापूर आणि सोलापूर ही दोन नावं एकदा भरभर, मोठ्याने म्हणून बघा. आपल्याला ती वेगळी वाटतात, कारण एका नावामागे तांबडा-पांढरा रस्सा आहे आणि दुसऱ्यामागे शेंगाचटणी. पण ज्याने ही दोन्ही गावं पाहिलेली नाहीत, त्याला इंजिनाच्या घरघरीत काय ऐकू येईल? शेवट दोन्हींचा सारखाच. खरा फरक सुरुवातीच्या ‘को’ आणि ‘सो’मध्ये आहे, आणि विमानातला रेडिओ नेमकं पहिलंच अक्षर गिळतो. तिथे बटण दाबून बोलायचं असतं. बटण पुरतं दाबलं जाण्याआधी तोंड उघडलं, की पहिलं अक्षर हवेत जातच नाही.

आणखी एक गोष्ट. या रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे विमान जितकं उंच तितका त्याचा आवाज लांब पोचतो. 10,000 फुटांवरच्या विमानाचा आवाज ढोबळ हिशेबाने 220 किलोमीटरपर्यंत जातो. कोल्हापूर ते सोलापूर हवाई अंतर 200 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मधल्या आकाशातल्या एकाच विमानाचा आवाज दोन्ही गावांपर्यंत पोचू शकतो. म्हणून तर मनोऱ्यांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी नेमून देतात. पण वैमानिकाने आकडा चुकीचा फिरवला तर चूक लक्षात यायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हाकेतलं नाव.

तर आज आपण या हाकेचा इतिहास पाहणार आहोत. अनोळखी विमानतळाच्या मनोऱ्याला पहिल्यांदा कसं बोलवायचं, आणि ती रीत अशीच का ठरली. आम्ही वैमानिक नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. त्यामुळे विमान कसं चालवतात हे आम्हाला विचारू नका!

आधी ती रीत सांगतो. पहिल्या हाकेत आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं पूर्ण नाव. उदाहरणादाखल एक विमान घेऊ, व्हीटी-एक्सवायझेड. त्याचा वैमानिक म्हणेल, “कोल्हापूर टॉवर, व्हिक्टर टँगो एक्सरे यँकी झुलू.” आणि थांबेल. मनोरा उलट क्रमाने उत्तर देईल, आधी विमानाचं नाव, मग ‘कोल्हापूर टॉवर’. एकमेकांचं ऐकू येतंय हे पक्कं झालं, की मग पुढचं बोलणं : कुठल्या जातीचं विमान, कुठून येतंय, किती उंचीवर आहे, काय हवंय. जुन्या काळी परगावचा माणूस वाड्याच्या दारात उभा राहून काय म्हणायचा? “पाटील आहेत का घरात? मी अमक्या गावचा तमका.” तोच क्रम. टेलिफोनने मात्र आपली सवय बिघडवली. आपण फोन लावतो आणि समोरच्यालाच विचारतो, “कोण बोलतंय?”

भारतात हवाई टपाल सुरू झालं तेव्हा अशी हाक मारायची सोयच नव्हती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. नकाशावर मुंबई ते बेल्लारी पट्टी ठेवली तर रेषा आपल्या सातारा-सांगलीच्या माथ्यावरून जाते. त्या विमानात रेडिओ नव्हता. खाली नदी, रेल्वेचे रूळ, डोंगराचा आकार बघत जायचं. मैदानावर आलं की एक घिरटी घालून वाऱ्याची दिशा पाहायची आणि उतरायचं. खालून काही सांगायचं झालं तर दिवा किंवा निशाण. दिव्याच्या त्या खुणा आजही नियमात आहेत. रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून हिरवा किंवा लाल झोत दाखवतात.

1939 साली छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानाने उजळाईवाडीला विमानतळ केला. संस्थान म्हटलं की आपल्याला कुस्ती आणि शिकार आठवते, पण याच संस्थानाला आकाशाकडेही बघावंसं वाटलं, हे विसरू नये. लगेच महायुद्ध आलं. युद्धाने लोहगाव आणि बेळगावजवळचं सांबरा इथे ब्रिटिश हवाई दल आणलं. विमानातला आणि जमिनीवरचा रेडिओ सगळीकडे रुजला तोही याच काळात.

बोलण्याची भाषा मात्र आधीपासून घडत होती. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर 1920 च्या सुमारास जगातला पहिला कंट्रोल टॉवर उभा राहिला. तिथली बरीचशी वाहतूक पॅरिसशी होती. संकटात दोन्हीकडच्यांना कळेल असा शब्द हवा होता. तेव्हा तिथले रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘मेडे’ काढला. पुढे 1944 साली शिकागोला करार झाला, 1947 साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना रीतसर अस्तित्वात आली, आणि 1 मार्च 1956 पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला लागू झाली. आपल्या विमानांच्या नावातलं ‘व्हीटी’ त्याहून जुनं, 1920 च्या दशकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेच्या वाटपात आलेलं. ‘व्हाइसरॉयची टेरिटरी’ वगैरे अर्थ लोकांनी मागाहून चिकटवलेले आहेत. गोष्ट म्हणून ठीक आहे, इतिहास म्हणून नाही.

आता प्रश्न असा, की एवढा काटेकोरपणा कशाला? त्याचं उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही, मुंबईला गेलं तरी पुरे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ अगदी शेजारी, आणि धावपट्ट्याही जवळपास एकाच दिशेच्या. 15 जुलै 1953 रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जातीचं जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. नऊ दिवसांनी ते तिथून कसंबसं उडवून नेलं. बरं, यावरून सगळे शहाणे झाले म्हणावं, तर 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-8 तसंच जुहूला उतरलं. धावपट्टी पुरली नाही, विमान पुढे निघून गेलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. जायचं होतं सांताक्रूझला, चाकं टेकली जुहूला. लंडनलाही हीच पंचाईत. 1960 साली पॅन अ‍ॅमचं बोइंग हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरलं. तिथे वाटेवरच्या गॅसच्या प्रचंड टाक्यांवर ठळक अक्षरं रंगवून विमानतळांची ओळख पटवली जायची. म्हणजे फलाटावर गावाच्या नावाची पाटी असते तसंच.

यातून कळतं, की नाव नुसतं बरोबर उच्चारून भागत नाही, ते नाव आणि डोळ्यासमोरची जागा एकच आहे हेही पाहावं लागतं. आणि नाव कुठलं, हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाला वैमानिक ‘केनेडी टॉवर’ म्हणतात, म्हणजे माणसाचं नाव. लंडनला ‘हीथ्रो टॉवर’, म्हणजे वस्तीचं नाव. आपल्या मुंबईच्या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, पण रेडिओवर ‘मुंबई टॉवर’, शहराचं नाव. तर्काने हे ओळखता येत नाही. म्हणून अनोळखी ठिकाणी निघण्याआधी छापील माहितीत हाकेचं नाव बघायचं आणि जसंच्या तसं वापरायचं. गोव्याला आता दाभोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. प्रवासी एखाद वेळी भलत्याच विमानतळावर टॅक्सी घेऊन जाईल. वैमानिकाला ती चैन नाही.

नावानंतरचा शब्दही तितकाच महत्त्वाचा. टॉवर, ग्राउंड, अप्रोच, कंट्रोल, इन्फर्मेशन. हे शब्द म्हणजे समोरच्याचा हुद्दा. ‘टॉवर’ उतरायची परवानगी देऊ शकतो. ‘इन्फर्मेशन’ फक्त माहिती देतो : वारा असा आहे, धावपट्टी मोकळी आहे. उतरायचं की नाही हा निर्णय तुमचा. तलाठ्याकडे आणि तहसीलदाराकडे एकच अर्ज चालत नाही, तसं. उलट, खुर्चीत कोण बसलंय याने हाक बदलत नाही. लोहगावला हवाई दलाचे नियंत्रक आहेत, दाभोळीला नौदलाचे, उजळाईवाडीला नागरी प्राधिकरणाचे. कोल्हापुरातून उडालेल्या विमानाला तासाभरात हे तिघेही भेटू शकतात. साहेब नाही, कॅप्टन नाही, तिघांनाही ‘टॉवर’च.

आम्हाला या सगळ्या रीतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती नाव तोडण्याची. व्हिक्टर टँगो एक्सरे यँकी झुलू हे दर वेळी म्हणणं लांबलचक होतं. त्याचं ‘व्हिक्टर यँकी झुलू’ करता येतं. पण आधी कुणी करायचं? मनोऱ्याने. त्याने एकदा लहान नाव वापरलं, की मगच पाहुण्याने वापरायचं. कारण त्याच वेळी हवेत कोणकोण आहे हे मनोऱ्याला ठाऊक असतं. शेवटची दोन अक्षरं सारखी असलेलं दुसरं विमान जवळपास असलं, तर तो लहान नाव वापरणारच नाही. पाहुण्याला हे कसं कळणार? आणि कंपनीच्या नियमित उड्डाणाचं नाव, इंडिगोचं ‘आयफ्लाय’ आणि पुढचा आकडा, हे तर तोडायचंच नसतं.

ओळखीच्या सुरात बोललं की काय होतं, ते 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दिसलं. दोन्ही जंबो विमानांचं ते ठिकाणच नव्हतं. शेजारच्या बेटावर बॉम्ब फुटल्यामुळे ती इकडे वळवलेली. धुकं दाटलेलं. केएलएमच्या वैमानिकांनी आपण टेक-ऑफच्या बेतात आहोत अशा अर्थाचं मोघम वाक्य सांगितलं, आणि मनोऱ्याने सुरुवातीला म्हटलं ‘ओके’. त्यानंतरचे शब्द दोन आवाज एकमेकांवर आदळून बुजून गेले. 583 माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

मग मराठीत का नाही, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. नियमानुसार बोलणं जमिनीवरच्या केंद्राच्या भाषेत किंवा इंग्रजीत चालतं. म्हणजे स्थानिक भाषेला मुळात बंदी नाही. कॅनडात यावरून 1976 साली मोठा संप झाला. क्युबेकच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना फ्रेंच हवी होती, इतरांना त्यात धोका दिसत होता. चौकशी आयोग बसला आणि 1979 साली त्याने दोन भाषांनी धोका वाढत नाही असा निष्कर्ष काढला. तरीही आमचं मत सांगायचं तर इथे इंग्रजीच बरी. कारण रेडिओवर मनोऱ्याशी चाललेलं बोलणं इतर विमानंही ऐकत असतात. आपल्या पुढे कोण आहे, मागे कोण, हे पाहुण्याला त्यातूनच उमगतं. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर कझाक आणि सौदी विमानांची टक्कर होऊन 349 जण गेले. तिथे कझाक विमानात इंग्रजी संभाषणाची भिस्त मुख्यतः रेडिओ ऑपरेटरवर होती, आणि नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली विमान उतरत गेलं.

2018 पासून ‘उडान’ योजनेखाली उजळाईवाडीला पुन्हा नियमित विमानं येऊ लागली आणि 10 मार्च 2024 रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव द्यावं ही मागणी जुनी आहे, आणि ते द्यावंच. रेडिओवर बहुधा मुंबईसारखंच होईल, शहराचं नाव राहील. त्या सगळ्या इंग्रजी संभाषणात आपला एकच शब्द आहे, आणि तो हाकेत पहिला येतो. परप्रांतातले वैमानिक त्यातला ‘ल्ह’ हमखास ‘ल’ करतात. तेवढं चालवून घेऊ. ‘को’ मात्र नीट ऐकू यायला हवा.