परदेशात स्वयंसेवक म्हणून निघण्याआधी: बीडच्या तरुणांसाठी शेवटच्या महिन्याची तयारी

कुणाला लुंबिनीत सेवा द्यायची असते, कुणाला श्रीलंकेत मुलांना शिकवायचे असते, कुणी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून आणखी लांब जाऊ पाहतो. बॅग कशी भरायची हे आपल्या पोरापोरींना सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांसोबत ती लहानपणापासून बिऱ्हाड बांधत आली आहेत. गाडी अडते ती कागदपत्रांवर आणि घरच्या व्यवस्थेवर. म्हणून त्याच दोन गोष्टींबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

आधी बोलावणारे कोण, ते पाहा. संस्थेचे पत्र हातात हवे. त्यात कामाचे स्वरूप, कालावधी, राहण्या-जेवणाची सोय, विमा कोण काढणार आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीचा फोन असला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे मागत नाही. विपश्यना केंद्रात धम्मसेवा करायची तर आधी दहा दिवसांचे एक शिबिर पूर्ण केलेले असावे लागते, आणि अर्ज थेट त्या केंद्राकडे करायचा असतो. मधला माणूस ‘नोंदणी फी’ मागत असेल तर तिथेच थांबा.

हे कळकळीने सांगायचे कारण आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमाभागातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. ही मुले नोकरीच्या आमिषाने गेली होती. ‘आत्ता टुरिस्ट म्हणून या, बाकीचे इथे आल्यावर बघू’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. बिनपगारी सेवासुद्धा अनेक देशांत कामच धरली जाते आणि पर्यटक व्हिसावर ती चालत नाही. व्हिसा कुठला लागेल हे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालू राहील असा असावा. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग आणि तिकिटावर तिसरेच, असा घोळ आपल्याकडे फार. व्हिसा आणि तिकिटावर पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसेच हवे. दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि जातीच्या प्रमाणपत्रावर ‘बौद्ध’ आहे म्हणून काहीजण धास्तावतात. पासपोर्टवर धर्म-जातीचा रकानाच नसतो, ती काळजी सोडा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर मात्र ‘ईसीआर’ ही नोंद येते. त्यांना आखातातील देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते. त्या यादीत थायलंड आणि मलेशियाही आहेत, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते.

नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. नुसत्या आधारवर भरवसा ठेवून निघालेला तरुण विमानतळावरून माघारी येऊ शकतो.

आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत जाणार असाल तर त्याची लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. गावच्या दवाखान्यात ती मिळत नाही, मुंबई-पुण्याची फेरी धरून चाला. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. रोजची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

आता घरचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपली अर्धी वस्ती कारखान्यांकडे जाते आणि उन्हाळा लागताना परतते. त्याच काळात तुमचे जाणे असेल तर घराला कुलूप आणि आई-वडील दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात, अशी स्थिती होते. पोलीस पडताळणी, पालकांच्या सह्या, बँकेची कामे हे सगळे टोळी निघण्याआधी उरका. शिष्यवृत्ती किंवा जात पडताळणीचे काम अर्धवट असेल तर गावातल्या एका विश्वासू माणसाला लेखी अधिकार द्या. ओटीपीचा विचार तर हमखास राहून जातो. आधार आणि बँकेला जोडलेले सिम परदेशात रोमिंगशिवाय गप्प बसते. रोमिंग इथूनच सुरू करा. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती आणि संस्थेचा फोन घरी कागदावर लिहून ठेवा. मुकादमाचा नंबरही तुमच्याकडे असू द्या, कारण अडीअडचणीला आईपर्यंत निरोप त्याच्याच मार्फत लवकर पोहोचतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते थांबले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पथकातले दुसरे डॉक्टर नागपूरचे चोळकर होते. प्रत्येकाने कोटणीस व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. पण घरी दुःखद घटना घडली तर यायचे की नाही, तिकिटाचे पैसे कोण देणार, हे निघण्यापूर्वी घरच्यांशी बोलून घ्या. बोलायला जड जाते, तरी बोला.

थेरवादी देशांत विहारातले वागणे आपल्यापेक्षा कडक असते. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे गुन्हा ठरू शकतो, आणि २०१४ साली दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश महिलेला तिथून परत पाठवले होते. असा टॅटू असेल तर झाकून ठेवा. तिथल्या उपासकांना १४ ऑक्टोबर १९५६ किंवा २२ प्रतिज्ञा ठाऊक असतीलच असे नाही. बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदांसाठी कोलंबो, रंगून आणि काठमांडूला गेले होते, बोलायला सुरुवात तिथून करता येते. दोन मिनिटांत सांगता येईल इतके इंग्रजीत तयार ठेवा.

बीडला विमानतळ नाही. मुंबईहून विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा, आणि उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर राहा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या पिशवीतच चालते. संस्थेच्या पत्राची छापील प्रतही तिथेच ठेवा, इमिग्रेशनच्या खिडकीवर मोबाईलची बॅटरी संपलेली असू शकते.