परसातील कोंबडी आणि औषधाची पुडी

काही वर्षांपूर्वी ओडिशातील एका खेड्यात दौऱ्यावर असताना एका घराच्या परसात आम्ही पाणी प्यायला थांबलो. घरातील वृद्ध स्त्री कोंबड्यांच्या पाण्यात पिवळी भुकटी कालवत होती. दुकानदाराने दिलेली ही पुडी घातली की कोंबड्या मरत नाहीत, असे तिने आमच्या दुभाष्याला सांगितले. पुडी प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची होती. मी पशुवैद्य नव्हे, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे मनात प्रश्न आला तो असा, की या पुडीची खरी किंमत कोण देतो?

या प्रश्नाचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना आढळले, की ऑरिओमायसिन तयार करताना उरणारा चोथा खाद्यात मिसळल्यास कोंबडीची पिल्ले झपाट्याने वाढतात. तेव्हापासून हे औषध आजारापुरते उरले नाही, ते खाद्याचाच घटक झाले. मात्र अल्प मात्रेत रोज दिलेल्या औषधाने दुबळे जीवाणू मरतात आणि त्याला दाद न देणारे तगून वाढतात.

ते जीवाणू कोंबडीपाशीच थांबतात काय? स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका कौटुंबिक शेतावर ३०० कोंबड्यांपैकी निम्म्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य दिले. १९७६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आणि काही महिन्यांत शेतावरील माणसांच्याही आतड्यांत प्रतिरोधक जीवाणू वाढले. खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत, तपासलेल्या दहांपैकी आठ जणांमध्ये ते आढळले नाहीत. दोष दाखविणाऱ्या प्रयोगाने उपायही दाखविला होता.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये पेनिसिलिन व टेट्रासायक्लिनचा खाद्यातील वापर आवरण्याचा प्रस्ताव मांडला. केवळ वाढीसाठी मानवोपयोगी प्रतिजैविके देणे तेथे थांबले ते २०१७ मध्ये! लाभ मोजक्यांचा व तात्काळ, हानी सर्वांची व उद्याची असली, की फाईल चाळीस वर्षे फिरू शकते.

या तुलनेत भारताचा एक निर्णय वेगवान म्हणावा लागेल. कोलिस्टिन हे औषध मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून मागे पडले होते. इतर औषधे निकामी ठरू लागल्यावर ते अत्यवस्थ रुग्णांचा शेवटचा आधार म्हणून परतले. पशुखाद्यात मात्र ते सर्रास वापरले जात होते. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी त्याला निष्प्रभ करणारे, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक डुकरांत, मांसात व रुग्णांत आढळल्याचे जाहीर केले. जुलै २०१९ मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

पण अशी बंदी कारखान्याला समजते, परसाला समजतेच असे नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात परसातील कुक्कुट पक्षी सुमारे ३१.७ कोटी होते. २०१२ मध्ये ते सुमारे २१.७ कोटी होते. या पक्ष्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत रोग. तो विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकाला जुमानत नाही. त्यावर लस आहे. परंतु ती थंड ठेवावी लागते आणि तिची कुपी साधारणतः शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. बारा कोंबड्यांच्या मालकिणीने ती कशी घ्यावी? पुडी मात्र तिच्या दारापर्यंत पोहोचते.

म्हणून त्या वृद्धेला दोष देणे मला जमत नाही. तिने उपलब्ध वस्तूंतून निवड केली. काय उपलब्ध असावे, हे ठरविणारे आपण प्रशासनातील लोक होतो. गावोगाव ठरलेल्या दिवशी लस टोचणारी, प्रशिक्षित स्थानिक स्त्री उभी करणे हे अधिसूचनेइतके मोठे काम दिसत नाही. त्या परसात मात्र तेच अधिक उपयोगी पडले असते.