पुरे, वेशी आणि आळ्या : नावांमागील माणसे



स्मरणिकेच्या अखेरीस सभासद-कुटुंबांची जी नामावली छापली जाते, ती बहुतेक वाचक आपले नाव बिनचूक छापले आहे की नाही एवढे पाहून मिटतात. आम्ही मात्र ती पत्त्यांसाठी वाचतो. पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, बेगमपुरा, आणि तिकडे घाटमाथ्यावर खुलताबाद. ह्यांतील प्रत्येक पत्त्यात एकेक माणूस दडून बसला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याचे नाव लिहितो. तो कोण होता हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांसही सहसा सांगता येत नाही. त्या माणसांचा परिचय करून द्यावा, हा ह्या लेखाचा हेतू.

खुलताबादेपासूनच आरंभ करू. पुराणपरंपरा ह्या स्थळास भद्रावती म्हणते, व भद्रसेन राजाची कथा सांगते. निद्रिस्त मारुतीच्या देवस्थानास भद्रा मारुती हे नाव त्याच कथेवरून पडले. चौदाव्या शतकात येथे सूफी सत्पुरुषांच्या समाध्या झाल्या आणि गावास रौजा म्हणू लागले. सन १७०७ च्या ३ मार्च रोजी औरंगजेब बादशहा अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या छावणीत वारला. त्याचे शव येथे आणून शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरण्यात आले. मृत्यूनंतर त्यास ‘खुल्दमकान’, म्हणजे शाश्वत स्वर्ग हे ज्याचे निवासस्थान झाले तो, अशी पदवी मिळाली, आणि तीवरून गाव खुल्दाबाद झाले. आपल्या लोकांच्या जिभेस ‘खुल्द’ काही मानवला नाही. त्यांनी त्याचे ‘खुलता’ केले! मोकळ्या वाऱ्याच्या त्या गावास हे नाव शोभतेही. पण असे करताना पदवी पुसली गेली व पदवीचा धनीही नावातून निघून गेला. लोकांनी नाव आपलेसे करावे आणि माणूस विसरावा, हा प्रकार पुढे आपणांस पावलोपावली दिसेल.

गावाच्या तटास ज्या वेशी आहेत, त्यांची नावे जुन्या गॅझेटियरात दिली आहेत : नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, कुणबी आळी, हमदादी, आणि आझमशाही नावाची एक दिंडी. ह्यांपैकी दोन नावांपाशी आम्ही थांबतो. आझमशाही दिंडी ही औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याच्या नावाची. बाप वारताच ह्याने स्वतःस बादशहा म्हणवून घेतले आणि तीनच महिन्यांत, जून १७०७ मध्ये, आग्ऱ्याजवळ जाजऊच्या रणात भावाशी लढताना तो मारला गेला. तीन महिन्यांच्या त्या बादशहाच्या नावाने मोठी वेस नाही, दिंडी आहे. उलट कुणबी आळीच्या नावे मात्र पुरती वेस! तेथे नाव एका पुरुषाचे नाही, राबणाऱ्या समाजाचे आहे. ज्यांच्यापैकी एकाचेही नाव बखरीत नाही, त्यांचे सामुदायिक नाव बादशाही तटाने धारण करावे, हे ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत नमूद करण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते.

खुलताबादेस चिरनिद्रा घेणाऱ्या माणसांची नावे दूरवरही गेली आहेत. दिल्लीहून दक्षिणेत आलेले शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये निवर्तले. त्यांचा दर्गा येथेच आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीकाठी नगर वसविले, त्यास त्यांच्या नावावरून बुऱ्हाणपूर म्हटले, आणि पैलतीरावरील वस्तीस शेख झैनुद्दीनांच्या नावाने झैनाबाद. ज्यांच्या कबरी एका लहानशा डोंगरी गावात आहेत, त्यांच्या नावाची गावे तापीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर उभी आहेत.

आता घाट उतरून शहराकडे चलावे. खुलताबादेचा रस्ता दौलताबादेच्या तटातून खाली येतो, मिटमिटा व पडेगाव मागे टाकून छावणीपाशी पोहोचतो, आणि येथून राजपुतांचे पुरे सुरू होतात. मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमा वर्षानुवर्षे चालत. सरदारास आपले घोडदळ, कारकून, पुरोहित, मोदी, लोहार ह्यांसह येथे राहावे लागे. प्रत्येकाचा तळ म्हणजे एक गावच होई. तळ उठला तरी वस्ती राही, आणि वस्तीस सरदाराचे नाव राही. शहरास असे बावन पुरे असल्याचे लोक सांगतात. सगळ्यांची हजेरी येथे घेत नाही. मिर्झाराजे जयसिंहाचा जयसिंगपुरा व जोधपूरच्या जसवंतसिंहाचा जसवंतपुरा ही नावे शिवचरित्र वाचणाऱ्यास फोड करून सांगण्याची गरज नाही.

भावसिंगपुरा हा बुंदीच्या राव भावसिंह हाडा याचा. औरंगाबादचा कारभार त्याच्याकडे होता व तेथेच त्याचा अंत झाला. हिंदी कवी मतिराम याने ‘ललित ललाम’ हा अलंकारग्रंथ ह्याच्याच आश्रयाने रचला.

कर्णपुऱ्याची गोष्ट अधिक हृदयस्पर्शी आहे. बिकानेरचा राजा करणसिंह याने दक्षिणेत दीर्घ सेवा केली. परंतु बादशहाची इतराजी झाली, गादी पुत्रास गेली, आणि वृद्ध राजाने उरलेले दिवस औरंगाबादेजवळच्या आपल्या पुऱ्यात काढून १६६९ मध्ये तेथेच देह ठेवला. तेथील तुळजाभवानीचे मंदिर बिकानेरच्या राजाने बांधले असे सांगतात. नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते, आणि सारे शहर ‘कर्णपुऱ्यास जाऊन येतो’ म्हणून घराबाहेर पडते. करणाचा कर्ण झाला आहे! वाळवंटातील राठोड राजा महाभारतातील दानशूराच्या नावात विलीन झाला. इतिहासाच्या दृष्टीने हा अपभ्रंश. पण परक्या मुलखात गादीविना मेलेल्या माणसास लोकांनी कर्णाचे नाव द्यावे, ही चूक आम्हांस सुधारावीशी वाटत नाही.

ह्या करणसिंहाच्या पुत्रांपैकी पदमसिंहाचे नाव पदमपुऱ्यास मिळाले. पदमसिंहाचा भाऊ मोहनसिंह. कर्नल टॉडने राजपुतान्याच्या इतिहासात ह्या भावांची हकीकत दिली आहे. एका हरणाच्या पाडसावरून मोहनसिंहाचा शहजादा मुअज्जमच्या मेहुण्याशी दरबारात तंटा झाला, तलवारी उपसल्या गेल्या, आणि मोहनसिंह रक्तबंबाळ होऊन पडला. पदमसिंह धावत आला. त्याने एकाच घावात प्रतिस्पर्ध्यास लोळविले, आणि तो घाव दिवाणखान्याच्या खांबातही खोल गेला, असे म्हणतात. पदमपुऱ्यातील मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. पाडसापायी दोन जीव गेले, हेही सांगताना गाळू नये. ज्या पुत्रास गादी मिळाली तो अनुपसिंह मात्र निराळ्या वृत्तीचा. दक्षिणेतील स्वाऱ्यांत त्याने संस्कृत पोथ्या जमविल्या. बिकानेरचे अनुप संस्कृत ग्रंथालय त्याच संग्रहावर उभे आहे. तो १६९८ मध्ये अदोनी येथे वारला.

शहराच्या उत्तरेस डोंगराच्या पायथ्याशी पहाडसिंगपुरा आहे. डोंगराजवळ म्हणून ‘पहाड’, असे ऐकणारास सहज वाटावे. वस्तुतः ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याचा पुत्र पहाडसिंह याचे ते नाव. शेजारचा बेगमपुरा १६५७ मध्ये वारलेल्या दिलरसबानू बेगमेची, म्हणजे बीबीच्या मकबऱ्याच्या धनिणीची आठवण आहे. वर ज्याची दिंडी आली तो आझमशहा हिचाच मुलगा. आईचे नाव पुऱ्यास, मुलाचे दिंडीस. आणि ज्यांनी मकबरा घडविला त्या अताउल्ला व हंसपतराय यांची नावे दरवाजावरील लेखात तेवढी कोरलेली आहेत. असो.

येथवर आलेली नावे बहुतेक परप्रांतीयांची आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. मग येथल्या माणसांची नावे कोठे गेली? हाच प्रश्न आम्हांस खरा अस्वस्थ करतो.

मलिक अंबर हबसाणात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि दक्षिणेत येऊन निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याने १६१० मध्ये खडकी गावी हे शहर वसविले. त्याच्या आश्रयाने मराठे सरदारही येथे राहत, आणि त्यांच्याही नावांचे पुरे होते : मालोजीचा मालपुरा, खेळोजीचा खेलपुरा, परसोजीचा परसपुरा, विठोजीचा विठापुरा. ही भोसले घराण्यातील नावे. भोसल्यांचे वेरूळ तर खुलताबादेच्या घाटाखालीच, अगदी लगत. म्हणजे शहराच्या मुळारंभीच्या वस्त्यांस खास ह्या मातीतील माणसांची नावे होती. १६२१ मध्ये मोगल फौजेने खडकी जाळली. पुढे सत्ता बदलली, नवे तळ पडले, नवे पुरे वसले. आज पदमपुऱ्यास रिक्षा करता येते; विठापुऱ्यास करता येत नाही.

खुद्द शहराचीच नावे पाहा. खडकीचे अंबरपुत्र फत्तेखानाने फतेहनगर केले. १६५३ मध्ये दुसऱ्यांदा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबाच्या नावाने औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला व खुलताबादेस त्याची कबर झाली. शहराच्या कोणत्याही अधिकृत नावात तो कधी आला नाही. पण त्याने डोंगरातून जमिनीखालून जे पाणी खेळविले, त्या नहरीस लोक अंबरी नहर म्हणत आले.

नाव देणे ही लहान गोष्ट आहे असे म्हणणारांनी आपल्या विद्यापीठाचा इतिहास आठवावा. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळण्यास १९९४ चा १४ जानेवारी उजाडावा लागला, आणि मधल्या वर्षांत माणसांनी त्यासाठी घरेदारे व प्राणही गमावले. पाटीवरील अक्षरांची किंमत मराठवाड्यास कोणी शिकवावयास नको.

मोठ्या माणसांची नावे ग्रंथांतून शोधता येतात. आळी, बोळ व वाडा ह्यांस ज्यांची नावे होती, तो पाटील, तो सावकार, ती विहीर बांधणारी विधवा, त्यांचा शोध ग्रंथांत लागणार नाही. तो लागेल आपल्याच घरांतील पेट्यांत. जुन्या खरेदीखतात जागेची चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमकी गल्ली, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस अमक्याचा वाडा. निजामी अमलातील उर्दू दस्त असो वा मोडीतील फारखत असो, कारकुनाने शेजाऱ्याचे व गल्लीचे नाव त्यात घातलेले आढळते, कारण त्यावाचून जागा ओळखताच येत नसे. भूमापन क्रमांक आणि प्लॉट नंबर आल्यावर ही गरज संपली. वाडा विकून सदनिका घेतली की जुने दस्त रद्दीत जातात, आणि त्यांच्याबरोबर चारी दिशांचे शेजारीही.

म्हणून सभासद-कुटुंबांस आमची विनंती आहे. खुलताबाद, वेरूळ, दौलताबाद किंवा शहरातील पुऱ्यांपैकी कोठलाही असा कागद घरी असल्यास त्यातील चतुःसीमा उतरून काढावी, आणि वाचता न आल्यास छायाप्रत काढून पाठवावी. मोडी व उर्दू वाचणारे अजून मिळतात. घरातील वृद्ध स्त्रियांस अवश्य विचारावे. पाण्यास जाण्याच्या वाटांची नावे पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असतात. आलेली नावे पुढील स्मरणिकेत पुऱ्यावार छापता येतील. मूळ कागद मात्र कोणीही टपालाने पाठवू नये.