बालगुन्हेगारी प्रतिबंध : यश कसे मोजावे?

विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठीच्या उपक्रमाचे यश लाभार्थींच्या संख्येवरून ठरत नाही. मूल पुन्हा गुन्ह्याकडे वळले का, हा खरा निकष होय. त्यासाठी उपक्रमातील व उपक्रमाबाहेरील समान परिस्थितीच्या मुलांची दीर्घकाळ तुलना आवश्यक ठरते. अमेरिकेत १९३९ मध्ये सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगातील ५०६ जणांचा जोन मॅकॉर्ड यांनी पाठपुरावा केला. मार्गदर्शन लाभलेले काही बाबतींत इतरांहून मागेच पडले, असे १९७८ मध्ये स्पष्ट झाले. सद्हेतूनेही अपाय संभवतो.

भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बहुतांश प्रकरणांत दोषसिद्धीच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. त्यामुळे २००९ मध्ये एनआरसी कारखाना बंद पडलेल्या मोहने परिसरात असा उपक्रम राबविल्यास, गोपनीयता राखून मूल्यमापनाची आखणी प्रारंभीच करावी लागेल.